ख्रिस्ती धर्मातील 'शेवटचा न्याय' आणि गुलामांचा प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेतील आजचे पुष्प गुंफण्याची संधी समितीने आम्हांस दिली, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. विषय फलकावर लागल्यावर काही मंडळींनी विचारले, की विहारात ख्रिस्ती लोकांचा न्यायाचा दिवस कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याची आमच्याकडे दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, दुसऱ्याचा धर्म टिंगलीसाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी वाचावा, ही आपली रीत असली पाहिजे. आणि दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे. या श्रद्धेच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो आपल्या घराघरांतला प्रश्न आहे. एका माणसावर जन्मभर अन्याय झाला. त्याला न्याय न मिळताच तो मातीआड झाला. अन्याय करणारा मात्र सुखाने म्हातारा होऊन अंथरुणावर मेला. मग या हिशेबाचे काय? तो कोण मिटवणार, आणि कधी? आपल्या आजा-पणजांनी हा प्रश्न विचारला नसेल असे घर या सभेत एकही नसेल. ख्रिस्ती धर्माने त्याला एक उत्तर दिले. ते उत्तर काय आहे आणि त्या उत्तराने माणसांचे काय केले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आधी श्रद्धा काय आहे ते सरळ सांगतो. ख्रिस्ती मताप्रमाणे जगाला आरंभ आहे तसाच शेवटही आहे. काळ चक्रासारखा फिरत राहत नाही, तो एका दिशेने जातो आणि एके दिवशी थांबतो. त्या वेळी येशू ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले सर्व उठतील, आणि जिवंत व मृत अशा सर्वांचा निवाडा होईल. ही कोण्या एका पंथाची समजूत नाही. इ. स. ३२५ च्या निकिया येथील धर्मपरिषदेने जो विश्वासाचा मसुदा ठरवला, त्यातही जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करण्यास ख्रिस्त येणार, हे कलम आहे. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट यांच्यात पुष्कळ भांडणे आहेत, पण हे कलम तिघांनाही मान्य आहे.

बायबलच्या अगदी शेवटी 'प्रकटीकरण' नावाचे पुस्तक आहे. त्याच्या विसाव्या अध्यायात या न्यायाचे चित्र येते. मोठे पांढरे सिंहासन आहे. त्याच्यापुढे लहान-थोर सगळे मेलेले उभे आहेत. समुद्रसुद्धा आपल्या पोटातले मेलेले परत देतो. मग वह्या उघडल्या जातात. त्यांत प्रत्येकाची कृत्ये लिहिलेली आहेत आणि त्यांप्रमाणे ज्याचा त्याचा न्याय होतो. त्याशिवाय एक जीवनाचे पुस्तक आहे. त्यात ज्याचे नाव नाही तो अग्नीच्या सरोवरात जातो. त्यानंतर नवे आकाश आणि नवी पृथ्वी येते. तिथे रडणे नाही, मरण नाही. बघा, यात सावकाराची वही आहे, कोर्टाचे दप्तर आहे. फरक इतकाच की, ही वही सावकाराने लिहिलेली नाही, आणि तिच्यात आंगठा कोणाचा फसवून घेतलेला नाही.

आता ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली? राजवाड्यात बसलेल्या माणसाच्या नव्हे. ज्यू लोकांच्या ग्रंथांपैकी दानीएलच्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, मातीत झोपलेले पुष्कळजण जागे होतील, काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही लज्जेसाठी, असा अर्थ स्पष्ट येतो. हे पुस्तक आजच्या रूपात इ. स. पूर्व १६५ च्या सुमारास तयार झाले असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वेळी ज्यू लोकांवर अँटिओकस चौथा या ग्रीक राजाची सत्ता होती. त्याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले, धर्म पाळणाऱ्यांना ठार मारले. तोपर्यंत जुनी शिकवण अशी होती, की चांगला वागेल त्याला याच जन्मी चांगले फळ मिळेल. पण इथे तर चांगला वागणाराच मारला जात होता! मग हिशेब जुळणार कसा? तो या जन्मात जुळत नाही म्हणून मृत्यूच्या पलीकडे नेला गेला. प्रकटीकरणाचे पुस्तकही रोमन साम्राज्याच्या दडपणाखाली, पहिल्या शतकाच्या अखेरीस, पात्म नावाच्या बेटावर लिहिले गेले असे मानतात. म्हणजे काय, तर शेवटचा न्याय ही मूळची पिडलेल्या माणसाची मागणी आहे. इथल्या कोर्टात दाद लागत नाही म्हणून वरच्या कोर्टात केलेले ते अपील आहे.

त्या कोर्टात निकाल कोणत्या मुद्द्यावर लागतो? मत्तयच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात येशूची शिकवण आहे. मेंढपाळ जशी मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तसा राजा माणसांना उजवीकडे आणि डावीकडे उभे करतो. उजवीकडच्यांना सांगतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, तान्हेल्याला पाणी दिले, परक्याला घरात घेतले, उघड्याला कपडा दिला, आजारी असताना आणि तुरुंगात असताना भेटायला आलात. ते लोक बुचकळ्यात पडतात. म्हणतात, आम्ही तुला कधी पाहिले? तेव्हा उत्तर मिळते, की अगदी लहानातल्या लहानासाठी केलेत ते माझ्यासाठीच केलेत. डावीकडच्यांचा गुन्हा काय? त्यांनी खून-दरोडा केला असे तिथे सांगितलेले नाही. त्यांनी काही केले नाही, हाच त्यांचा गुन्हा. पाणी मागणाऱ्याला पाणी दिले नाही, हा मुद्दा त्या कोर्टात जन्माचा निकाल लावतो. मित्रहो, चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना या मुद्द्याचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही.

पण धर्मग्रंथात एक असते आणि धर्माच्या व्यवस्थेत दुसरे होते. न्यायाच्या भीतीचाही बाजार झाला. मध्ययुगात अशी शिकवण पक्की झाली, की माणूस मेल्याबरोबर त्याचा एक स्वतंत्र न्याय होतो आणि जगाच्या शेवटी पुन्हा सर्वांचा एकत्र न्याय होतो. मधल्या काळात अपुरी शुद्धी झालेल्या आत्म्यांसाठी शुद्धिस्थान मानले गेले. तिथली शिक्षा कमी व्हावी म्हणून चर्चकडून पापमुक्तीची पत्रे मिळत, आणि ती पैशावर मिळू लागली. रोममधल्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी जर्मनीत अशी पत्रे विकली जात होती. मार्टिन लूथरने १५१७ साली आपली ९५ विधाने मांडली ती याच व्यवहाराच्या विरोधात. लूथरचे म्हणणे असे की, माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो श्रद्धेने आणि देवाच्या कृपेने, स्वतःच्या पुण्याईने किंवा पैशाने नव्हे. पण मग मत्तयमधल्या भाकरी-पाण्याच्या हिशेबाचे काय? श्रद्धा मोठी की कृत्य मोठे, हा वाद पुढे शेकडो वर्षे चालला.

तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या श्रद्धेत एक समता होती. इटली-फ्रान्समधल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर आणि दारांवर शेवटच्या न्यायाची चित्रे व शिल्पे आहेत. रोमच्या सिस्टाइन चॅपलमध्ये मायकेलँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात काढलेले चित्र तर जगप्रसिद्ध आहे. मध्ययुगातल्या अशा कित्येक चित्रांत नरकाकडे ओढल्या जाणाऱ्यांत मुकुट घातलेले राजे आणि टोपी घातलेले धर्माधिकारीही दिसतात. अक्षरओळख नसलेला शेतमजूर चर्चमध्ये येई आणि हे पाही. त्या दिवशी कोणाचा हुद्दा चालणार नाही, एवढे त्याला त्या भिंतीवरून समजत असे.

आता आम्ही आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत घेऊन जातो. तिथे मालकही ख्रिस्ती होता आणि गुलामही ख्रिस्ती झाला होता. दोघांच्या हातात एकच बायबल, दोघांचा विश्वास एकाच न्यायाच्या दिवसावर. मग त्या विश्वासाने काय केले?

मालकाचे काय झाले ते फ्रेडरिक डग्लस यांनी सांगितले आहे. हे गुलामीतून पळून सुटलेले थोर पुढारी. त्यांचे आत्मचरित्र १८४५ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांचा मालक थॉमस ऑल्ड याची हकिकत आहे. १८३२ साली हा मालक मेथडिस्टांच्या एका धर्ममेळाव्यात जाऊन भक्त झाला. आता तरी याचे मन पाघळेल, असे डग्लस यांना वाटले. झाले उलटेच, तो अधिक क्रूर झाला. एका अपंग तरुणीला बांधून चाबकाने मारी आणि मारताना लूकच्या शुभवर्तमानातले वचन म्हणे, की धन्याची इच्छा ठाऊक असून न वागणाऱ्या दासाला पुष्कळ फटके बसतील. गंमत बघा, हे वचन ज्या दाखल्यात आहे तो दाखला धनी अचानक परत येऊन चाकरांचा न्याय करतो, यासंबंधी आहे. त्यात दुसऱ्या चाकरांना मारहाण करणाऱ्या कारभाऱ्याला कडक शिक्षा सांगितलेली आहे. म्हणजे जे वचन मालकाच्या अंगावर यायला हवे होते, तेच त्याने गुलाम बाईच्या पाठीवर उमटवले. ग्रंथ पवित्र असला तरी वाचणाऱ्याच्या हातात चाबूक असला की अर्थ कसा फिरतो, त्याचा हा नमुना आहे. आणि १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलचे जे निवडक पुस्तक छापले, त्यातून तर इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कथाच वगळली होती. गुलामाने काय वाचायचे हेदेखील मालकाच्या सोयीने ठरत होते.

पण गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय माणसे स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागली. बोस्टनमध्ये डेव्हिड वॉकर हा जुन्या कपड्यांचे दुकान चालवणारा कृष्णवर्णीय गृहस्थ होता. त्याने १८२९ साली एक जाहीर आवाहन छापले. त्याचा रोख असा होता की, देव न्यायी असेल तर या देशावर त्याचा न्याय आल्याशिवाय राहणार नाही, वेळीच सुधारा. दक्षिणेतल्या राज्यांत या छोट्या पुस्तकाने इतकी घबराट उडाली, की ते आत येऊ नये म्हणून कायदे झाले. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलाम प्रवचनकाराने सूर्यग्रहण हे ईश्वरी चिन्ह मानले आणि न्यायाची तलवार स्वतःच्या हातात घेतली. त्या उठावात पन्नासाहून अधिक गोरे मारले गेले, त्यांत बायका-मुलेही होती. त्याचा सूड म्हणून उठावाशी संबंध नसलेले कितीतरी कृष्णवर्णीय लोक ठार झाले. टर्नरला फाशी झाली. आपण त्याच्या वेदनेला नमस्कार करू. पण पाळण्यातल्या मुलाला शिक्षा करणारा न्याय हा न्याय नव्हे, हेही इथेच म्हणून ठेवू.

याच काळात अमेरिकेच्या उत्तर भागात न्यायाच्या दिवसाची तारीख काढण्याचे वेड पसरले. त्याचा प्रवर्तक विल्यम मिलर. हा लबाड बुवा नव्हता, साधा प्रामाणिक शेतकरी होता. जन्म १७८२. तरुणपणी त्याने टॉमस पेनची पुस्तके वाचली होती. हाच तो पेन, ज्याचे लिखाण पुढे आपल्या जोतीरावांनी वाचले. मिलरचा त्या वेळी चमत्कारांवर विश्वास नव्हता. १८१२ च्या युद्धात तो कॅप्टन म्हणून लढला. युद्धात मृत्यू जवळून पाहिला आणि मेल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्याला सोडीना. १८१६ साली तो पुन्हा धर्माकडे वळला आणि दोन वर्षे बायबल घेऊन बसला. दानीएलच्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असा उल्लेख आहे. मिलरने दिवस म्हणजे वर्ष धरले. आरंभ धरला इ. स. पूर्व ४५७. तेवीसशेतून चारशे सत्तावन्न वजा केले, उत्तर आले १८४३. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, आणि शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे येणे, असा त्याने अर्थ लावला. झाला हिशेब!

१८३१ पासून तो व्याख्याने देऊ लागला. पुढे जोशुआ हाइम्स हा बोस्टनचा धर्मोपदेशक त्याला मिळाला. त्याने १८४० साली वृत्तपत्र काढले, मोठे तंबू उभारले, तक्ते छापले. अनुयायी किती, याविषयी अंदाज वेगवेगळे आहेत. पन्नास हजारांच्या आसपास हा नेहमी दिला जाणारा आकडा. मार्च १८४३ ते मार्च १८४४ ही मुदत सांगितली होती, ती निघून गेली. हिशेब पुन्हा तपासला. इ. स. पूर्व १ नंतर एकदम इ. स. १ येते, मध्ये शून्य साल नाही, म्हणून एक वर्ष पुढे सरकले. मग ऑगस्ट १८४४ मध्ये सॅम्युएल स्नो याने ज्यू पंचांगावरून नक्की दिवस काढला, मंगळवार, २२ ऑक्टोबर १८४४. मिलर स्वतः आधी नक्की दिवस सांगायला तयार नव्हता. शेवटी लोकांच्या लाटेपुढे त्यानेही मान डोलावली.

त्या वर्षी काही शेतकऱ्यांनी शेतातले बटाटे काढलेच नाहीत. जग संपणार, मग बटाटे कोणासाठी? कोणी दुकाने बंद केली. कोणी जुनी देणी फेडली, जुनी भांडणे मिटवली. हे मात्र चांगले झाले. लोक पांढरे झगे घालून छपरांवर बसले होते, असे पुढे टिंगलीने सांगण्यात येई. तपासणाऱ्या अभ्यासकांना त्याला आधार सापडला नाही. लोक घरांत आणि सभागृहांत प्रार्थना करीत बसले होते, एवढे खरे. मध्यरात्र झाली. पहाट झाली. नेहमीसारखा सूर्य उगवला. त्यांच्यातल्या एकाने, हायरम एडसन याने, नंतर लिहून ठेवले आहे, की उजाडेपर्यंत ते रडत होते. इतिहासात या घटनेला 'महान निराशा' असेच नाव पडले आहे. आपण हसू नये. ज्याने आपले सगळे एका तारखेवर लावले आणि तारीख कोरडी गेली, त्याचे दुःख काय असते हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या माणसांना ठाऊक आहे.

पण या प्रकरणात आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट तारीख चुकली ही नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, हाइम्स आणि त्याचे काही सहकारी हे गुलामगिरीविरोधी चळवळीतले लोक होते. चार्ल्स फिच या धर्मोपदेशकाने १८३७ साली गुलामगिरीला सत्याच्या तराजूत तोलणारी पुस्तिका लिहिली होती. पुढे तोच मिलरच्या तारखेचे तक्ते तयार करण्यात गुंतला, आणि अपेक्षित दिवसाच्या आठ दिवस आधी वारला. जग आता संपणारच आहे, प्रभू येऊन बेड्या तोडणारच आहे, मग सभा आणि अर्ज कशाला, असे वाटून कितीतरी माणसे चळवळीतून बाजूला झाली. 'लिबरेटर' पत्राचे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८४३ साली हीच तक्रार मांडली. गुलामाचे लिलाव चालूच होते, पोरे आईपासून तोडली जात होती, आणि सोडवायला निघालेले हात आकाशाकडे जोडले गेले होते. न्यायाची वाट पाहण्यात न्यायाचे काम थांबले!

याला उत्तर दिले ते एका निरक्षर बाईने. तिचे नाव सोजर्नर ट्रूथ. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली, विकली गेलेली, आपले मूल परत मिळावे म्हणून कोर्टात लढून जिंकलेली ही बाई. १८४३ साली तिने हे नाव घेतले आणि पायी उपदेश करीत निघाली. वाटेत तिला मिलरपंथीयांचे मेळावे लागले. लोक घाबरून आरडाओरडा करीत होते. तिने त्यांना शांत बसायला सांगितले. त्यांच्या उपदेशकांना तिने विचारले ते तिच्या १८५० सालच्या चरित्रात आले आहे. त्याचा मतलब असा की, दुष्ट लोक जळून गेल्यावर त्यांच्या राखेवरून मिरवत चालायचे, याच्यात एवढे सुख ते काय? प्रभू आला तरी मी कुठे पळणार नाही, मी इथेच उभी राहीन. ज्या बाईला सूड मागण्याचा सर्वांत जास्त हक्क होता, तिला राखेवर चालण्याची हौस नव्हती. तिची श्रद्धा सुटली नाही आणि तिचे कामही थांबले नाही. पुढे कित्येक वर्षे ती गुलामांच्या सुटकेसाठी आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा गाजवीत राहिली.

मिलर १८४९ साली वारला. त्याच्या अनुयायांपैकी काहींनी असा अर्थ लावला की, तारीख बरोबर होती, घटना पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गात घडली. तिथे दप्तर तपासण्याचे काम सुरू झाले. त्यांच्यातून १८६३ साली सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची. दवाखाने आणि शाळा हे त्यांचे जगभरचे काम आहे. तारीख मात्र ते पुन्हा काढीत नाहीत. इतरांनी काढल्या. अमेरिकेतच हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर केली. तीही गेली. वास्तविक मार्कच्या शुभवर्तमानात येशूच सांगतो, की तो दिवस देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे. तेव्हा तारीख काढणारा माणूस आपल्याच ग्रंथाच्या विरोधात जातो.

मग गुलामांना न्याय कधी मिळाला? आकाश फाटून नाही मिळाला. डग्लस यांच्या व्याख्यानांनी, ट्रूथच्या पायपिटीने, पळून जाणाऱ्यांना रात्री दार उघडणाऱ्यांच्या धैर्याने आणि शेवटी चार वर्षांच्या यादवी युद्धाने तो मिळाला. त्या युद्धात कृष्णवर्णीय शिपाई स्वतः बंदूक घेऊन लढले. ४ मार्च १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांनी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना जे भाषण केले, त्यात न्यायाच्या दिवसाचीच भाषा आहे. अडीचशे वर्षांच्या फुकट राबवून घेतलेल्या घामावर उभी राहिलेली संपत्ती बुडेपर्यंत, चाबकाने काढलेल्या प्रत्येक थेंबाची तलवारीने भरपाई होईपर्यंत हे युद्ध चालावे अशी देवाची इच्छा असेल, तर तो न्याय खराच म्हणावा लागेल, असा त्यांचा आशय होता. लक्षात घ्या, त्यांनी केवळ शत्रूला आरोपी केले नाही. उत्तर आणि दक्षिण, सगळा देश त्यांनी पिंजऱ्यात उभा केला. दीड महिन्यात त्यांचा खून झाला. डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. कायदा होऊनही पुढे शंभर वर्षे झगडावे लागले, ही गोष्ट निराळी.

त्या घटनेचे पडसाद आपल्या पुण्यात उमटले. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. आणखी एक धागा आहे. बोस्टनहून चालणाऱ्या अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचे ठाणे झाले. त्या जिल्ह्यात आपल्याच महार-मांग समाजातील कितीतरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. का झाली? देवापुढे सगळे सारख्याच रांगेत उभे राहणार, पाटील आणि महार एकाच कोर्टात जाणार, हे ऐकून त्या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. तेव्हा त्यांच्या श्रद्धेकडे आपुलकीनेच पाहिले पाहिजे.

आता आपल्या धम्माच्या बाजूने दोनच शब्द बोलतो. आपल्याकडे सिंहासनावर बसलेला न्यायाधीश नाही. कुशल कर्माचे फळ कुशल, अकुशलाचे अकुशल. हा नियम कोणाच्या मर्जीवर चालत नाही. पण म्हणून आपण फार पुढे आहोत अशी शेखी मिरवू नये. तारखेची वाट पाहणे हा जसा एक धोका, तसा 'ज्याचे कर्म त्याच्यापाशी' म्हणून हात झटकणे हा दुसरा धोका. पूर्वजन्मीच्या कर्मावर गरिबाच्या दैन्याचे खापर फोडले की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून सुटतात, हे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट दाखवून दिले आहे. मिलरचा शेतकरी बटाटे शेतात सोडून बसला. आपल्यातला एखादा शेजारच्या वस्तीवर अत्याचार झाला तरी कर्म म्हणून घरात बसला, तर दोघांत फरक तो काय राहिला?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याशी बोलताना न्यायाचा दिवस खरा की खोटा, याचा वाद घालत बसू नये. तो वाद या जन्मात मिटणारा नाही. त्यापेक्षा मत्तयच्या त्या पंचविसाव्या अध्यायावर त्याच्याशी बोलावे. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, कैदी ही सहा माणसे आपल्या वस्तीत आजही आहेत. तुरुंगात जामिनाच्या रकमेअभावी पडलेले पोर आहे, दवाखान्यात सोबतीला कोणी नसलेली म्हातारी आहे, परगावाहून कामाला आलेला आणि भाड्याने खोली न मिळणारा मजूर आहे. त्यांच्यासाठी तो आणि आपण मिळून काम करू शकतो. त्याला कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही.

आणि ज्यांना न्याय न मिळताच ज्यांचे डोळे मिटले, त्या आपल्या आजा-पणजांचे काय? त्यांच्यासाठी वही उघडणारा कोणी वर आहे की नाही, यावर माणसांची मते वेगळी राहतील. पण खाली एक वही आपल्या हातात आहे. त्यांच्यावर काय झाले ते लिहून ठेवणे, विसरू न देणे, आणि तसे पुन्हा कोणावर होऊ न देणे, एवढे आपण करू शकतो. हे काम कोणत्याही तारखेची वाट न पाहता उद्या सकाळी सुरू करता येते. विहाराच्या वाचनालयात त्यासाठी एक कोरी वही ठेवावी आणि वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या हकिकती तरुणांनी त्यांच्या तोंडून ऐकून त्यात उतरवाव्यात, अशी विनंती समितीला करून आम्ही थांबतो.